साखळी क्रमांक ३१/४००

पाऊस उघडून अकरा दिवस झाले.
पेठ रोडवर आता धूळसुद्धा उडते,
म्हणून लोकांना वाटतं, रस्ता वाळला.
थेटे साहेब म्हणतात, वरून वाळला.
आत अजून श्रावण चालू आहे.
मोजायचं ते आत्ताच.
मे महिन्यात काय, कुठलाही रस्ता पहिलवान.

हसनभाईंचा ट्रक, हौद्यात खडी,
मागच्या आसावर आठ हजार एकशे सत्तर किलो
काट्यावर दोनदा तोलून आणलेले.
जोडचाकांच्या फटीत मी बीमचं टोक सरकवते
बगळ्याच्या चोचीसारखं,
आणि डायलपाशी गुडघे टेकून बसते.
डांबरातल्या भोकात ग्लिसरीन, त्यात थर्मामीटर:
अडतीस.
"चला, हसनभाई."

ट्रक निघतो, वरातीतल्या घोड्याहून सावकाश,
आणि त्याच्या मागे रस्ता वर येतो.
डोळ्यांना दिसत नाही. काट्याला दिसतं.
बीमचा हात निम्मा,
म्हणून आलेला आकडा दुप्पट करून लिहायचा.

साहेब तरुणपणी दोन वर्षं लडाखला होते.
तिथं पाऊस नावालाच, सांगतात,
पण हिवाळाभर रस्त्याच्या पोटात गोठलेलं पाणी
एप्रिलात वरून सुटू लागतं.
खाली बर्फ तसाच. मधल्या पाण्याला वाटच नाही.
जानेवारीत रणगाडा सोसलेला रस्ता
भाजीच्या गाडीनं खचायचा.
"मग फाटक लावायचो. रस्त्याला सुट्टी."

इथं कोण देतंय सुट्टी!
गुजरातकडे निघालेले कंटेनर हॉर्न देतायत,
टोमॅटोच्या पिकअपमधून कुणीतरी आमची आयमाय काढतंय,
आणि लाल झेंडी धरून चिंतू भोये
देवळातल्या द्वारपालासारखा ढिम्म.

३१/२००: शून्य पूर्णांक ब्याण्णव.
३१/३००: एक पूर्णांक शून्य चार.
३१/४००.
काटा निघतो, अडतो, परत निघतो.
ट्रक पुढे जाऊन थांबलाय, इंजिन बंद,
तरी काटा सरकतोच आहे,
झोपेत कूस बदलावी तसा.
तीन पूर्णांक सोळा.
"पुन्हा घ्या," साहेब म्हणतात.
तीन पूर्णांक बावीस.

चिंतू झेंडी खांद्यावर टाकून येतो.
"इथं खाली झिरा हाये ना, बाई.
रस्ता रुंद केला तवा मुरूम टाकून बुजवला.
आम्ही होळीपर्यंत पाणी भरायचो."

तक्त्यात तापमान आहे, ओलावा आहे, मातीचा प्रकार आहे.
झिऱ्याला रकाना नाही.
साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहतात.
मी शेऱ्यात लिहिते: झिरा, जिवंत.
"जिवंत" खोडते.
परत लिहिते.

हात टेकून उठते तेव्हा तळव्यावर खडीचे खड्डे,
पांढरे, मग गुलाबी.
घड्याळात बघत उभी राहते.
हसनभाई विचारतात, "पुढचा पॉइंट ना, मॅडम?"
हो, म्हणते, थांबा.
अजून भरले नाहीत.