अकरा कॅसेटी, त्यातल्या नऊ चालतात

ब्रेशियाहून मोल्डिंग मशीन जोडायला आलेला फिटर
जाताना बुटांचा एक खोका माझ्या बाकावर ठेवून गेला.
सत्त्याण्णव साल, उद्यमबाग, शेड नंबर चार.
मी आपला माप विचारत बसलो, आठ की नऊ?
तो कानाला हात लावून हसला,
आणि सांब्र्याच्या विमानाला पळाला.

तेव्हापासून माझी मतं आहेत.
कुणी मागितली नाहीत, तरी आहेत.

रेनातो ब्रुसातीचा पहिला अल्बम ऐकावा.
एक गिटार, एक खुर्ची,
आणि खुर्ची करकरते ते काढून टाकलेलं नाही.
दुसऱ्यात व्हायोलिनं शिरली, पंधरा-वीस,
कुणाच्याच नात्यातली नसलेली माणसं
लग्नाच्या पंगतीत शिरतात तशी.
तिसऱ्यात तो स्वतःच सापडत नाही.
मी शोधला. दोन्ही बाजूंना.

लेआ मार्कंदोबद्दल सावकाश बोललं पाहिजे.
तिचा श्वास शब्दाच्या आधी संपतो
आणि ती शब्द तसाच सोडून देते, कडेला न पोचलेला.
रस साच्यात पुरता भरण्याआधीच गोठला
तर आम्ही त्याला मिसरन म्हणतो,
खडूनं फुली मारतो, परत भट्टीत.
बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो,
हातून एक मिसरन सुटला नाही.
हिचे सगळे पास केले.

तुल्लियो व्हेर्नात्सी, चार कॅसेटी.
कोअर शॉपचा शिवलिंगप्पा तल्लूर म्हणतो, हाच मोठा.
मी म्हणतो, फार समजावून सांगतो रे हा.
‘तुला काय कळतंय, तो काय समजावतोय ते?’
ते नाही कळत.
समजावतोय, हे कळतंय की बा.

तो कन्नडमधनं भांडतो, मी मराठीतनं,
मधे चहाचे दोन ग्लास आणि तिसरीच भाषा,
जिच्यात आम्हाला ‘हळू’ आणि ‘नट आवळ’ एवढंच येतं.
एक नोव्हेंबरला कारखाना बंद.
त्याच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे,
माझ्या गल्लीत दंडाला काळ्या फिती.
अकराच्या सुमारास फोन वाजतो:
‘ब बाजूचं तिसरं ऐकलास? परत ऐक. बेस ऐक नुसता.’
मी फीत बांधलेल्या हातानंच बटण दाबतो.

मधे पुतण्यानं मोबाइलवर लेआच्या एका गाण्याचा अर्थ काढला.
थोरला भाऊ गेला त्या आठवड्यात
मी तेच लावून बसायचो, दिवे न लावता.
ते निघालं बसथांब्याचं.
नगरपालिकेनं थांबा दोनशे पावलं पुढं नेला,
आणि बाई जुन्या जागीच उभी राहते, एवढंच.
पुतण्या हसला. मी मत बदललं नाही.
बोगारवेशीतला आमचा थांबा हलवला
तेव्हा गाणं कुणी केलं नाही.
निवेदन दिलं. दोन भाषांत.

दहावी कॅसेट टेपनं खाल्ली, पेन्सिल घालूनही परतली नाही.
अकरावीवर नाव नाही, आवाज नाही,
नुसती खरखर, वाळू चाळल्यासारखी.
शिवलिंगप्पाच्या मते तीच सगळ्यात चांगली असणार.
या एका बाबतीत मी वाद घालत नाही.

काल प्रमिला कुंद्याची कढई घासत होती.
खालचं करपलेलं निघत नव्हतं,
आणि ती लेआचं ते बसथांब्याचं गुणगुणत होती,
चाल चुकवून, शब्द कडेपर्यंत भरून,
कुठं काही अर्धं न ठेवता.
मी दारात उभा. खिशात हात गेला,
खडू अजून असतो तिथं, सवयीनं.
‘काय?’ म्हणाली.
काही नाही म्हटलं. तू घास.