डावा कान

मिरी शहरात, मासळीबाजारामागच्या गल्लीत,
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली.
जिन्यावर पाटी: उंचात. टोचून मिळेल.
खाली बारीक अक्षरांत: दारू पिऊन येऊ नये.

शनिवारी दुपारी एक म्हातारी जिना चढून आली,
बारिओच्या डोंगरातून, छोट्या विमानाने,
रुमालात काहीतरी जड बांधून.
सुपांग, तिने नाव सांगितलं, आणि बसून राहिली
आपली पाळी येईस्तोवर.

तिच्या आधी एक पोरगा.
कानाच्या पाळ्यांत बारा मिलिमीटरची भोकं,
त्यांतून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.
"आजच सोळाचं घाल. शुक्रवारी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे."
फाटेल, मी म्हटलं. एकेक पायरी. मध्ये दोन महिने तरी.
तो ऐकेना.
तेव्हा कोपऱ्यातून सुपांग बोलली,
"माझी आई दर सुगीला एक कडी वाढवायची.
एकच.
मी रडून दोन मागितल्या तर ती बघायचीसुद्धा नाही.
खांद्यापर्यंत यायला अख्खं लहानपण लागलं.
तुला शुक्रवारपर्यंत हवंय?"

कान टोचायचे मी पैसे घेतो.
तिने फुकट टोचले.
पोरगा मुकाट्याने जिना उतरला.

मग तिने केस मागे सारले.
पाळ्यांच्या जागी आखूड, चुण्या पडलेली टोकं,
पोत्याचं तोंड घाईत शिवावं तशी.
"मुलाच्या लग्नाचा फोटो निघायचा होता.
तो वाईट काही बोलला नाही.
एवढंच म्हणाला, आई, तू मागच्या रांगेत उभी राहशील?
मी मिशनच्या दवाखान्यात गेले.
वाडग्यात दोन लांब तुकडे पडले,
नर्सने वर झाकण ठेवलं,
आणि मी पहिल्या रांगेत उभी राहिले."

फोटो आहे?

"वाळवीने खाल्ला."

ती स्वतःच हसली, आणि रुमालाची गाठ सोडली.
पितळेची वजनं. थेंबासारखी, पण थेंब इतके जड नसतात.
"ही अडकवायला भोक हवं."

मी हात धुतले, कोपरापर्यंत.
हातमोजे. बंद पाकीट तिच्या समोर धरलं:
वाफेच्या यंत्रातून निघालं की ही पट्टी काळी होते, बघा.
सुई एकदाच वापरायची, मग त्या पिवळ्या डब्यात.
"आईने बांबूच्या धारेने टोचलं होतं," ती म्हणाली,
"आणि शेजारणीचं बाळ त्यातच गेलं.
कर तुझं सगळं. मला घाई नाही."

उजवी पाळी चिमटीत धरली.
आत नुसता व्रण, वाळलेल्या दोरासारखा.
इथे नाही, मी म्हटलं. धरणार नाही. चिघळेल.
तिने वाद घातला नाही, फक्त मान वळवली
आणि डावा कान पुढे केला.

डाव्यात, शिवणीच्या जरा वर,
मटारच्या दाण्याएवढी जागा मऊ होती.
श्वास घ्या. सोडा.
सुई गेली तेव्हा तिने पापणीही हलवली नाही,
माझाच अंगठा थरथरला.

टायटॅनियमची बारीक खुंटी. हिला फिरवायचं नाही.
हात लावायचा नाही. मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा.
लाल झालं, ऊन लागलं, पू आला, तर थेट डॉक्टर.
"आणि वजन?"
खोटं बोलता आलं असतं.
बहुतेक कधीच नाही, मी म्हटलं.
"बरं. दर सुगीला विचारायला येईन."

पैसे मोजून दिले. वजनं पुन्हा बांधली.
दाराशी चपला घालायला ती वाकली,
आणि वाकता वाकता दोन्ही हात
आपोआप खांद्यांपाशी गेले,
तिथे नसलेलं काहीतरी उचललं,
अलगद कानांवर अडकवलं,
म्हणजे खाली लोंबून मध्ये येऊ नये,

मग तिने चप्पल घातली.