कोपरापासून जमिनीपर्यंत

ऑनलाइन टेबलं सगळी चार फुटांची.
वरून चकचकीत, आत भुसा,
किंमत नऊ हजार आणि खाली लाल अक्षरांत :
या पिनकोडवर पोचत नाही.
बनी तो बनी, नहीं तो परभणी.
ही म्हण ज्यानं केली
त्याला बहुतेक फर्निचर मागवायचं होतं.

तीन वर्षं लोखंडी कॉटवर,
मांडीवर पोळपाट, पोळपाटावर पेन-टॅब्लेट,
स्क्रीन कुकरच्या खोक्यावर.
लांब रेघ ओढली की कोपर भिंतीला लागायचं.
त्यामुळं माझ्या सगळ्या नद्या
एकाच जागी वळायच्या.
क्लायंट म्हणायचे, छान शैली आहे तुमची.

स्टेशन रोडला सागवान विचारलं.
दुकानदारानं आधी मला पाहिलं, मग माझ्या चपला,
मग दाखवलं ऑफिसचं टेबल,
गुडघ्याशी तीन ड्रॉवर, कुलपासकट.
माझ्याकडं कुलपात ठेवण्यासारखं काही नाही,
पाय पसरायचे होते फक्त.

गुजरीत शफियोद्दीन मास्तरांचं कटिंगचं टेबल
दुकानाबाहेर काढलेलं दिसलं.
सात फूट बाय साडेतीन.
मुलगा आत रेडिमेडचे हँगर लावत होता.
"लेके जाओ," तो म्हणाला, "बावीससौ."
मास्तर म्हणाले, "थांब. करणार काय यावर?"
"चित्रं काढते. काचेवर."
"कपडा?"
"नाही."
"कागद?"
"तो पण नाही."
"मग इत्तं मोठं कामून?"

मी टॅब्लेट काढला, एक शेरवानी रेखाटली.
बाही चुकली. दोन बोटं टेकवली,
बाही गायब.
मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"फिरून कर."
मी चुकवली. पुसली. चुकवली. पुसली.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग टेबलाच्या कडेची एक खोक दाखवली :
"पोलीस पाटलाच्या जावयाचा सूट.
बाही दोन इंच आखूड कापली.
कात्री इथं आपटली मी."

टेबल उंच होतं. उभ्यानं कापणाऱ्याचं.
"पाय कापावे लागतील," मी हळूच म्हणलं.
मुलगा हसला. मास्तर नाही.
स्टूल ओढलं. "बस.
ताठ नको, रोज बसतीस तशी."
गळ्यातली टेप काढली,
एक टोक माझ्या कोपराला, दुसरं फरशीला.
"साडेसत्तावीस!"
आवाज असा की आत अजून कुणीतरी
वही उघडून बसलंय.
मुलानं हातातला हँगर ठेवला,
गल्ल्याखालून वही काढली, फुंकर मारली, लिहिलं.
"वर अर्धा इंच माया," मास्तर म्हणाले,
"खुर्ची बदलशील, चप्पल बदलशील.
माया सोडलेली बरी असते."
चारही पायांवर निळा खडू.

नाव सांगितलं, शिवकांता डोईफोडे.
छाती, कंबर, उंची : रेघ, रेघ, रेघ.
एका रकान्यात अठ्ठावीस.
डिलिव्हरी : आजच.

शेजारच्या सुतारानं करवत चालवली,
आठ-आठ इंचांचे चार तुकडे पडले.
टेम्पोचे तीनशे वेगळे.
जिन्याच्या वळणावर टेबल अडकलं,
खालच्या जिममधली पोरं आली,
कुणी उभं म्हणालं, कुणी आडवं,
शेवटी तिरकं गेलं.

आता कोपर कुठंच लागत नाही.
पहिले दोन दिवस कामच होईना.
नदी सुटायची ती सरळ
कॅनव्हासच्या बाहेर.
मी तशीच हात धरून बसायचे.

फटीतून अजून टाचण्या निघतात,
डबीच्या झाकणात जमवते.
डावीकडचा दीड फूट रिकामाच आहे,
आईनं दोनदा विचारलं, इथं काय ठेवायचं?

लाकडाचे दोन तुकडे स्क्रीनखाली आहेत,
एक दाराला.
चौथा मास्तरांनी दिलाच नाही.
"असू दे," म्हणाले,
आणि नव्या काउंटरवर
बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.