न्हाणीचा नकाशा

एकवीस वर्षं ह्यांनी घाटातून बस नेली,
अनमोडच्या वळणावर आरसासुद्धा खरचटला नाही.
आणि घसरले ते न्हाणीत,
वीतभर उंबऱ्यावर,
हातात लोटा.

म्हणून मी शिरोड्याच्या पंचायतीत गेले.
मागणं एवढंच, की उंबरा काढू,
भिंत दोन हात मागे सरकवू,
चाकाची खुर्ची आत वळली पाहिजे.
बसायचा कमोड, धरायला दांडा.

खिडकीतला पर्येकर तसा मवाळ.
म्हणाला, बाय, उंबरा काढणं ही दुरुस्ती,
भिंत सरकवणं हे बांधकाम.
दुरुस्तीला आम्ही पुरतो.
बांधकाम म्हटलं की नगरनियोजन, आरोग्य केंद्र,
शोषखड्डा विहिरीपासून किती मीटर त्याचा दाखला,
एक-चौदाचा उतारा,
आणि उताऱ्यावर ज्यांची नावं त्यांची ना हरकत.

उताऱ्यावर मामंजी. वारले त्र्याऐंशी साली.
त्यांची बहीण इंदिरा, कारवारात दिली होती,
तिच्या मुलांचे चेहरे कुणालाच आठवत नाहीत.
आणि थोरले भावोजी, वास्कोला,
ज्यांच्याशी एका माडापायी
आम्ही नऊ वर्षं बोललो नव्हतो.

मी गेले. चहा झाला. माडाचं नाव कुणी काढलं नाही.
त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला,
विचारलं, शाणू आता न्हातो कसा?
म्हटलं, मागल्या अंगणात, खुर्चीवरच,
मी दोरीवर लुगडं आडवं टाकते.
त्यांनी सही अशी दाबून केली
की शंभराचा मुद्रांक फाटला.
दुसरा आणायला स्वतः गेले, उन्हातून.

मग फोंड्याच्या कचेरीत
मोजणीचा नकाशा मिळाला.
घर म्हणजे एक चौकोन. विहीर म्हणजे एक टिंब.
न्हाणी नाहीच.
साहेबांनी बोटाने दोनदा शोधली,
म्हणाले, जी नाही ती तुम्ही वाढवणार कशी?

जी नाही त्या न्हाणीत
माझी हळद उतरली.
दोन्ही मुलींना तिथेच पायांवर घेऊन
सासूबाईंनी शेक दिला.
भाणाखालचा धूर डोळ्यांत जाऊन
मी कितीदा रडले, आणि कितीदा
धुराचं निमित्त केलं.
सगळं त्या कोऱ्या जागेत,
टिंबाच्या डावीकडे.

आता आधी ती न्हाणी आहे असं सिद्ध करायचं,
मग ती मोडायची परवानगी मागायची.
पिएदाद बाय शेजारीण म्हणून लिहून देणार आहे:
चाळीस वर्षं मी ह्यांच्या भाणाचा आवाज ऐकते.
पर्येकर म्हणतो, आवाज चालत नाही,
घरपट्टीची जुनी पावती बघा.

पावती शोधतेय. पत्र्याची पेटी, वरची फळी,
लग्नाच्या अक्षतांची पुडी सापडली, पावती नाही.

संध्याकाळी हे खडू मागतात.
अंगणात वाकून, काठीने खडू ओढत
आखतात नवी न्हाणी खऱ्या मापाची,
दार इथे, दांडा तिथे,
आणि खुर्ची उलटी आत घेतात.
मी मागे उभी राहते, वाहकासारखी,
येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे,
बस्स.

रेघेला चाक लागत नाही.
रात्री कोंबड्या पुसून टाकतील म्हणून
मी त्यावर सूप पालथं घालते.
एवढ्याशा सुपाखाली
दाराचा कोपरा तेवढा राहतो.