डिसमिस

बडोद्यात पेचकस कुणी म्हणत नाही, डिसमिस म्हणतात.
मकरपुऱ्याच्या कारखान्यातून आण्णा ज्या दिवशी डिसमिस झाले
त्या दिवशी खिशात नेमकं तेच होतं,
पिवळ्या मुठीचं, टोक झिजलेलं.
आई म्हणाली, हिशेबात एवढंच दिलं?

मग घरातलं सगळं ढिलं त्यांना दिसायला लागलं.

बिजागरीचं भोक मोठं झालंय?
आगकाडीचा गुल तोड, फेविकॉलात बुडव, ठोक.
रात्रभर वाळू दे. घाई करशील तर परत माझ्याकडेच येशील.
पेच जात नाही? धुण्याचा साबण चोळ.
खिळा कंगव्यात धर,
अंगठा मांडवीत विकत मिळत नाही.
टेफ्लॉन आट्यांच्या अंगानं गुंडाळ.
आणि आधी कॉक बंद कर, आधी!
(हे ते स्वतः एकदाच विसरले,
तेव्हा पोह्यांचा डबा न्हाणीपर्यंत तरंगत गेला.)

समोरच्या जिग्नाबेन मिक्सर घेऊन आल्या,
"गुप्तेभाई, जरा जोई आपो ने."
पहिली पन्नासची नोट
ते बराच वेळ बोटांत फिरवत बसले,
आटे कुठल्या बाजूचे ते बघत असावेत तशी.

एकच गोष्ट दरवेळी सांगायचे:
शेवटचा पाव फेरा देऊ नकोस.
घट्ट झालं असं वाटलं की हात काढ,
त्यापुढे आटे मरतात.

साहेबासमोर त्या दिवशी
तो पाव फेरा त्यांनी दिला होता का,
हे मी कधी विचारलं नाही.

माझ्या मोरीतला नळ अजून थेंब थेंब गळतो.
डिसमिस हातात आहे.
खाली बादली लावलीय.