घाबरणाऱ्यांची तुकडी

आमच्या जहाजाला सतरा नावं होती.
दर फेरीला पाटी बदलायची, रंगाचे पोपडे मात्र तेच,
बंदरातल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं
ब्रशानं हुबेहूब काढलेले. गंजसुद्धा रंगवलेला.
कागदोपत्री आम्ही धान्यवाहू, संथ, निःशस्त्र.
अशी नऊ जहाजं बांधली ओर्मस्टाडच्या गोदीनं,
आणि गोदीतले लोक त्यांना बगळे म्हणत:
एका पायावर उभे, डोळे मिटलेले,
सगळा जीव चोचीत.

माझं काम घाबरण्याचं.

हसू नका, त्याचा वेगळा भत्ता मिळायचा.
तोफेवर ओटिलिए, तिच्यासोबत बाराजण
पोटातल्या अंधारात, गव्हाच्या खोट्या पोत्यांमागे
खोकलासुद्धा गिळून बसलेले.
आम्ही सहाजण वर, दिसायला.
चाचे आले की धावायचं, एकमेकांवर आपटायचं,
रेडिओवर रडायचं, एक बूट मागे सोडायचा
आणि जीवनौकेत बसून निघून जायचं,
मागे रिकाम्या जहाजाचं आमिष ठेवून.
कप्तान सॉलहाइम हातात घड्याळ धरून तालीम घ्यायची.
"आर्व्हिड, तू फार शिस्तीत घाबरतोस."

मग तिनं मला बाळ दिलं.
बाळ म्हणजे गुंडाळलेली घोंगडी, आत वाळू,
साडेचार किलो, कारण वजन खोटं असलं
की हात खोटे दिसतात.
दाढी काढायला लावली. डोक्याला रुमाल.
पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले.
तिसऱ्या आठवड्यात ओटिलिए म्हणाली,
मानेखाली हात धर रे त्याच्या.

ते आले उल्कांच्या कड्यापलीकडून,
एकच जहाज, त्याचा गंज खरा.
मी धावलो. आपटलो. बूट सोडला.
नौकेच्या काचेशी, बाळ छातीला लावून
उभा राहिलो दिव्याखाली, ठरलं होतं तसा.
आणि रेडिओवर एक आवाज आला, कोवळा,
मिसरूड फुटलेलं असेल-नसेल:
"थांबा. त्यांच्यात लेकरू आहे.
नौका लांब जाऊ दे आधी.
कोणी हात लावायचा नाही."

त्यांनी तोफांची तोंडं वळवली.
चाळीस सेकंद. कप्तानच्या घड्याळात एक्केचाळीस.
आमच्या कुशीचे पत्रे गळून पडले.
आवाज नव्हताच, तिथे कशालाच नसतो,
फक्त माझ्या काचेवर आधी पांढरं, मग नारिंगी,
मग पुन्हा तारे, होते त्याच जागी.

मला पदक मिळालं. त्यावर बगळा नव्हता, सिंह होता.

त्यांच्या अवशेषांत सापडलेली यादी मी पाहिली:
पीठ, तापाच्या गोळ्या,
पाणी गाळायच्या जाळ्या बारा,
आणि खाली, वेगळ्या अक्षरात:
साखर, मिळाली तर.

पुढच्या वर्षी बातमी फुटली. फुटणारच होती,
कोंबडं किती दिवस झाकून ठेवणार.
बगळे मोडीत निघाले.
मी गोदीवर हजेरी लिहायला लागलो.
आणि त्याच वर्षी 'मार्गिट' नावाचं एक जहाज,
खरोखरचं धान्यवाहू, जन्मापासून एकाच नावाचं,
चाच्यांनी अडवलं. माणसं नौकेत उतरली.
काचेशी एक बाई उभी होती म्हणे, दिव्याखाली,
छातीशी गाठोडं धरून.

ह्या वेळी रेडिओवर कोणी थांबा म्हटलं नाही.

घोंगडी अजून माझ्याकडे आहे.
वाळू ओतून टाकू, असं दर पगाराला ठरवतो.
कपाटातून काढताना
आपोआप मानेखाली हात जातो.