अठ्ठावीस वर्तुळं

गिस्बर्नच्या धक्क्यावर हिनेवाई
ओंडक्यांच्या तोंडांवर बारकोड ठोकते आहे.
पहाटेपासून सहाशे झाले.
हातमोज्यांना राळ, डब्यातल्या पावालाही राळेचाच वास.

रेडिआटा पाइन. मूळचा इथला नाही,
कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आला
आणि डोंगरच्या डोंगर नावावर करून बसला.

एका तोंडावर ती वर्तुळं मोजते. अठ्ठावीस.
आतलं पहिलं पाराटेनेमामाचं:
दिवसाला हजार रोपं खोचायचा तो,
फावड्याची एक टाच, बुटाची एक टाच.
नवव्यापाशी रेघा चिकटून बसल्यात,
तो दुष्काळ तिला आठवतो. मामाला नाही आठवणार,
त्याआधीच गेला.

भाव पडलाय, घनमीटरमागे नऊ डॉलर.
म्हणजे पुढच्या आठवड्यात शिफ्ट नाही.

शिडीवरून उतरणाऱ्या झुआंगला ती विचारते,
तिकडे काय करता याचं?
सेंट्रिंग, तो म्हणतो.
वर काँक्रीट ओतायचं, सुकलं की फळ्या फेकायच्या.
किती मजले? तो हसून आभाळाकडे बोट दाखवतो.

ती हातोडी उचलते.
पुढचा बारकोड तिरका बसतो.
स्कॅनरला तो वाचता येत नाही.
ती सरळ करत नाही.